झिरा कोणी दाखवला?

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. पाण्यासाठी काम करणाऱ्या आमच्या गटात नाही, घरी नाही, जिला सगळं सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. तीन उन्हाळे गेले. या तीन उन्हाळ्यांत मी कितीतरी पत्रकं लिहिली — रिसॉर्टवर, टँकरवर, आटलेल्या विहिरींवर — आणि प्रत्येकात कुणाला तरी जाब विचारला. आता स्वतःचं सांगायला बसले तर हात पत्रकासारखाच चालायला लागतो. ‘अनवधानाने घडलेल्या प्रकाराबद्दल’ — असं लिहून खोडलं आत्ताच. अनवधानाने नव्हतं.

गावाचं नाव लिहिणार नाही. एकदा लिहून झालं आहे, तेवढं पुरे.

नाशिकहून सकाळी लवकर सायकल काढायची. दिंडोरी ओलांडलं की द्राक्षबागा हळूहळू मागे पडतात, मग चढ लागतो, आणि चढ संपला की चाळीसेक घरं. शाळेची एक खोली, करवंदाच्या जाळ्या, काळा कातळ. इतकं शांत की स्वतःच्या सायकलच्या चेनचा आवाज मोठा वाटतो. दर रविवारी शहरातल्या पाच-सहा जणांना घेऊन मी त्या बाजूला फिरायचे. वाइनरी बघायला सगळेच येतात, मी म्हणायचे, पाणी जिथं पोचत नाही ती गावं बघा. चांगलं वाक्य आहे, नाही का? माझी वाक्यं चांगलीच असतात.

एकदा एकटीच गेले होते आणि टायर फुटला. फाट्यावर काशिनाथभाऊंचं दुकान — दुकान म्हणजे पंक्चरचं सामान, चहाचा स्टोव्ह आणि एक बाकडं. त्यांनी सायकल उलटी केली, चाक फिरवून पाहिलं. “ताई, एवढी महागाची सायकल, आन् हवा आमचीच भरायची व्हय?” मी हसले. त्यांची बायको जिजाबाई हंडा घेऊन निघाली होती. माझ्या बाटलीत थेंब उरला नव्हता. ती म्हणाली, “चल. पण तोंड धुवाया नाय हां, प्यायापुरतं.”

तो झिरा मी तेव्हा पाहिला. कातळाच्या पायथ्याशी परातीएवढा खळगा, त्यात खालून पाणी पाझरतं. बाजूला बसायचं, वाटीनं उचलायचं, फडक्यातून हंड्यात गाळायचं. एक हंडा भरायला अर्धा तास. म्हणून हंडे रांगेत ठेवलेले असतात आणि बाया कामाला गेलेल्या असतात. जिचा नंबर येईल तिला हाक मारायची. रांगेवर राखण नाही, चिठ्ठी नाही. दुसऱ्याच्या हंड्याला हात लावायचा नाही, एवढा एकच कायदा, आणि तो कुणी मोडत नाही. जिजाबाईचा हंडा निळा होता, काठावर लाल नेलपॉलिशनं बदाम काढलेला. “वळखाया,” ती म्हणाली, आणि जरा लाजली.

निघताना म्हणाली, “तुला दावलं. तुझ्यापुरतं ठेव.”

मी हो म्हणाले.

त्याच दुपारी घरी पंख्याखाली लोळत मी फोनवरच्या नकाशावर सगळ्यांना दिसेल अशी खूण टाकली. ‘लपलेला झरा’. खाली गावाचं नाव. फोटोत जिजाबाईचा हात आणि वाटी. का टाकली? मला आधी सापडला म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. सायकलवाल्या लोकांनी विचारलं, कसा शोधलास? — मला बरं वाटलं.

इथवर आलं की वाटतं, हीच चूक. अशी चूक कुणाकडूनही होते. पण मी ज्यासाठी लिहायला बसले ते हे नाही. ते अजून पुढं आहे.

चार रविवारांत गर्दी झाली. आधी सायकली, मग फाट्यावर गाड्या. लोक झिऱ्यात पाय सोडून बसले. कुणी चेन धुतली, तेलाचा तवंग आला. असा झिरा एकदा ढवळला की निवळायला दिवस जातो. बाया पार खालच्या विहिरीला जायला लागल्या, जायला तास, यायला तास. हे मला कळलं ते फाट्यावरच, काशिनाथभाऊंकडूनच. ते चिडलेले नव्हते. थकलेले होते. “कुनी दावलं असंल, ताई?” एवढंच म्हणाले. मला विचारत होते की स्वतःशीच बोलत होते — मला आजही सांगता येत नाही.

मी घरी आले. आधी नकाशावरची खूण पुसली. फोटो काढून टाकला. मग पत्रक लिहायला घेतलं.

हा क्रम नीट वाचा. आधी पुसलं, मग लिहिलं. म्हणजे मला माहीत होतं.

पत्रक अर्ध्या तासात झालं. इतक्या सहज माझं कुठलंच पत्रक झालेलं नाही. राग खरा होता, हे विचित्र आहे — आलेल्या लोकांचा मला खरंच संताप आला होता. मथळा दिला, ‘झिरा कोणी दाखवला?’ आणि पहिल्याच ओळीत लिहिलं: ‘गावच्या पाण्याची वाट परक्यांना दाखवणारा घरभेदी कोण?’

घरभेदी. शहरात हा शब्द आम्ही येताजाता वापरतो. ऐकणारे टाळ्या वाजवतात आणि चहाला जातात. चाळीस घरांच्या गावात त्याचा अर्थ एकच होतो — आपल्यातला कुणीतरी. दुसरा कुठलाही शब्द चालला असता. मी तो निवडला. गावानं आत बघावं, बाहेर बघू नये, असं मनात स्पष्ट होतं का? स्पष्ट नसेल. पण शब्द लिहिल्यावर मला हलकं वाटलं होतं. ते आठवतं.

पत्रक शाळेच्या भिंतीवर मी स्वतः चिकटवलं.

दोन दिवसांनी शाळेच्या ओट्यावर सगळे जमले. मलाही बोलावलं होतं, मला खुर्ची दिली. बाकीचे खाली. गावात परक्यांशी रोज बोलणारा माणूस कोण? फाट्यावरचा. सोनाआजीनं सुरुवात केली. “तुझ्या चहाला गिऱ्हाइक पायजे म्हनून आमचं पानी दावलं व्हय रं, काश्या?”

“मी कशाला दावू, आजी? माझी बायको बी तिथंच भरती ना.”

“मंग काय पाखरांनी सांगितलं का?”

लोक हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. काशिनाथभाऊ उभेच होते, हातात पंक्चरचं फडकं, ते पुसत होते, पुसलेलंच पुन्हा. मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, “ताई, तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा आता.”

एक वाक्य पुरलं असतं. चार शब्दांचं. खूण मी टाकली होती. मी भर सभेत भल्याभल्या लोकांना अडवलेलं आहे, माझा आवाज कधी कापत नाही.

मी म्हणाले, “चौकशी झाली पाहिजे.”

काशिनाथभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं असतं तर मी बोलले असते का? नाही. मी स्वतःला हा प्रश्न खूप वेळा घातला आहे आणि दर वेळी उत्तर तेच येतं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. पत्रकाचा काय परिणाम झाला ते बघायला — मी तेव्हा असंच म्हणत होते. बाहेरचं कुणी नव्हतं. झिरा निवळला होता. हंड्यांची रांग लागली होती. आणि रांगेपासून चार पावलांवर, करवंदाच्या जाळीशी, निळा हंडा एकटा होता. काठावर बदाम.

ज्या गावात कुणी कुणाच्या हंड्याला हात लावत नव्हतं तिथं तो उचलून बाजूला ठेवला होता. सगळ्यांचं भरून झालं की मग जिजाबाईचा नंबर.

मी तो उचलून रांगेत ठेवू शकत होते का? मला तो हक्क नव्हता. बोलायचा होता. मी माघारी फिरले.

फाट्यावर जिजाबाईनं हाक मारली. ऊन डोक्यावर आलं होतं. स्टोव्ह बंद, बाकड्यावर कुणी नाही. काशिनाथभाऊ खाली बागेत मजुरीला गेले होते. आता गावातलं कुणी इथं चहाला थांबत नाही, असं ती सांगत होती, अगदी साध्या आवाजात, जसं कुणी उन्हाबद्दल बोलतं. बोलताबोलता आत गेली आणि तांब्या भरून आणला.

“पी गं. लांब जायचं तुला.”

ते सगळ्यांच्या शेवटी भरलेलं पाणी होतं. तळाचं, थोडं गढूळ, फडक्यातून दोनदा गाळलेलं. मला ठाऊक होतं. मी तांब्या तोंडाला लावला आणि सगळं प्यायले. रिकामा तांब्या तिच्या हातात दिला, सायकलवर बसले, आणि उतार असल्यामुळे पायडल मारावं लागलं नाही.

त्यानंतर त्या गावाला मी गेलेले नाही. हे इथं लिहिलं म्हणजे तिथं सांगितलं असं होत नाही, एवढं मला कळतं. तो हंडा आता कुठं असतो, मला माहीत नाही.