लालबागच्या केंद्रातल्या मोठ्या बाई

आधीच सांगते — भूतखेत, अंगात येणं, असल्या भानगडींवर माझा काडीचा विश्वास नाही. समुपदेशन करणाऱ्या बाईने हे लिहावं याचं माझं मलाच हसू येतंय. पण घडलं ते घडलं.

गिरण्यांच्या संपानंतरची दोन-तीन वर्षं. लालबागला एका चाळीत तळमजल्यावर आमचं कुटुंब सल्ला केंद्र होतं. एक खोली, टेबल-खुर्ची, समोर स्टूल. मी चोवीस वर्षांची, काटकुळी, बिनलग्नाची, आणि तोंडावर-हातांवर कोड. डिग्री होती हो! पण कामगारांच्या बायका दारातूनच विचारायच्या, "बाई कधी येणार?" मीच बाई म्हटलं की, "बरं, येते मग नंतर," करून सटकायच्या. मी दिलेलं पाणीसुद्धा तसंच राहायचं. फार लागायचं मनाला.

तेव्हा आईची भयंकर आठवण यायची. ती परळला गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. धिप्पाड, नऊवारी, डाव्या हातावर तेलाने भाजल्याचा मोठा डाग. शिकली नव्हती, पण अख्खी चाळ तिच्यापाशी मन मोकळं करायची. संपात खानावळ बसली, पाठोपाठ तीही गेली. मी परीक्षेसाठी नाशिकला होते... शेवटची भेट राहिलीच.

सुशीला माझगावहून यायची. नवरा संपापासून घरात मुका बसलेला. पहिल्यांदा आली ती मला बघून परत गेली. पुढच्या सोमवारी मात्र हसत आली. "मोठ्या बाई कुठायत?"

"कुठल्या मोठ्या बाई?"

"अवो, गुरवारी दुपारी होत्या की हितं! जाडजूड, नऊवारीतल्या. आधी इचारलं, 'जेवलंस काय गो?' मग मी जी रडले... हात धरून बसल्या माझा. त्यांच्या हातावर ह्येवढा डाग, भाजल्याचा."

गुरुवारी केंद्र बंद असतं. किल्ली एकच, ती माझ्या पर्समध्ये, आणि मी दिवसभर दादरला मीटिंगला. सुशीला तर गावाहून मुंबईत आली तीच आई गेल्यानंतर!

"ती माझी आई," कसंबसं म्हटलं. "गेली ती."

सुशीला घाबरली नाही. पहिल्यांदाच तिने माझ्याकडे नीट बघितलं. "मग तुमीच ऐका," म्हणाली आणि स्टुलावर बसली. तासभर बोलली, पाणी मागून घेतलं.

तिच्यामागून आणखी बायका आल्या. दोघींनी अगदी तेच वर्णन केलं. मग हळूहळू मोठ्या बाईंची चौकशी थांबली, मलाच बाई म्हणू लागल्या. मला आनंद व्हायला हवा होता ना? मला वाटायचं, विचारा गं... अजून एकदा कुणीतरी विचारा.

कित्येक गुरुवारी दुपारी मी केंद्र उघडून त्या स्टुलावर बसले, रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून. काही दिसलं नाही. ते सगळं कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. एवढंच विचारायचंय — परक्या बायकांचे हात धरलेस गं आई, माझा का नाही धरलास?