फलाटावरचा बाक

मी चेन्नईत आले ती नुंगंबाक्कममधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरीला. आमच्याकडे उंचावरून जाणाऱ्या रेल्वेच्या एका स्टेशनचं आतलं काम होतं. छप्पर, जिने, लिफ्ट अनुभवी लोकांकडे. मला मिळाले फलाटावरचे बाक, आणि आंधळ्यांच्या पायांना वाट कळावी म्हणून बसवतात ती उठावदार ठिपक्यांची पिवळी फरशी.

बाकाच्या ड्रॉइंगमध्ये दर जागेनंतर मी टेकायचा स्टीलचा एक हात दाखवला होता. ऑफिसच्या मुख्य आर्किटेक्टनी, म्हणजे सरांनीच सांगितलं होतं, "लोकांनी बसायचं, आडवं व्हायचं नाही."

स्टेशन सुरू झालं तेव्हा आईला फोन केला. "तुझं नाव लिहिलंय का कुठे?" तिनं विचारलं. बाकावर कोण नाव लिहितं, म्हटलं. मग ती गॅस संपल्याचं सांगू लागली.

रविवारी दुपारी एकटीच ते स्टेशन बघायला गेले. बरोबर यायला कोणी नव्हतंच. ऑफिसातले लोक चांगले होते, पण जेवताना गप्पा तमिळमध्ये रंगायच्या आणि मी डब्यात बघत बसायची. फलाट जवळजवळ रिकामा होता. उंच छपराखाली घोषणा घुमत होत्या. मी माझ्याच बाकावर बसले, आईला फोन लावून फरशी किती छान दिसतेय ते सांगितलं आणि ठेवला.

मी बोलत असतानाच शेजारी एक म्हातारं जोडपं येऊन बसलं होतं. आजोबांचा हात सारखा थरथरत होता. आजींना तो धरून ठेवायचा होता, पण मध्ये तो स्टीलचा हात रुतत होता. शेवटी त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला, घडी करून त्यावर ठेवला आणि वरून आजोबांचा हात धरला.

"मराठी काय तू?" त्यांनी मला विचारलं. मी दचकलेच. त्यांचं घराणं तंजावूरकडचं. शब्द मराठी, हेल तमिळ. मधले काही शब्द मला कळले नाहीत.

"हे मधे कशाला घातलंय?"

"लोकांनी झोपू नये म्हणून. आजी, हा बाक मीच काढलाय."

त्या रागावल्या नाहीत. माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "एकटी राहतेस?"

"हो."

त्यांनी पदरानं आजोबांचा घाम पुसला.

गाडी आली. मला कुठेच जायचं नव्हतं, तरी मी त्यांच्याबरोबर चढले. दोन स्टेशनांनंतर ती दोघं उतरली. "घरी ये एकदा," आजी म्हणाल्या. पत्ता विचारेपर्यंत दार मिटलं. मी शेवटपर्यंत गेले आणि त्याच गाडीनं परत आले.

सोमवारी सरांना विचारलं, आता हाती आलेल्या पुढच्या स्टेशनात फलाटाच्या दोन्ही टोकांचे बाक मधल्या हातांशिवाय ठेवूया का. त्यांनी ड्रॉइंग पुढे ओढून टोकांवर बोट ठेवलं. "दोनच. जास्त नाही." त्या स्टेशनात तसे दोन बाक बसले.

त्यानंतर कितीतरी रविवारी मी त्या दोघांच्या स्टेशनवर उतरून बघितलं. ती पुन्हा दिसली नाहीत. एकदा तिथून परत आल्यावर लक्षात आलं, सकाळपासून आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही. माझ्या खोलीखालच्या मेसमध्ये गेले आणि भात वाढणाऱ्या बाईंना कळणार नाही हे माहीत असूनही मराठीतच म्हटलं, "आज भूक नाही हो, थोडाच वाढा."

त्यांनी थोडाच वाढला.