कमिटीनं ठरवलेले मृत

अणुबॉम्ब पडला तर तुमच्या सोसायटीत मरायचं कुणी, हे तुमच्या कमिटीनं ठरवलंय का?

आईच्या सोसायटीनं ठरवलं होतं. आईची म्हणजे तिच्या मालकीची नव्हे. मुलुंडच्या त्या बावीस मजली इमारतीत आई तीन घरांची धुणीभांडी करायची. आम्ही राहतो देवनारला.

एप्रिलमधला रविवार. सकाळचे साडेदहा. सोसायटीत ‘अणुहल्ला बचाव सराव’ होता. सरकारी नव्हे, हौशी. शिट्टी वाजली की सभासदांनी बेसमेंटच्या पार्किंगमध्ये उतरायचं. आणि अंगणात काही माणसं मेलेली दिसायला हवीत, म्हणजे खरं वाटेल. मेलेले चार: वॉचमन, शेजारच्या विंगमधली एक कामवाली, माझी आई आणि मी. आईचा गुडघा सुजला होता, म्हणून त्या दिवशी मी तिच्या मदतीला आले होते. गळ्यात पुठ्ठे अडकवले. माझ्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, ‘मृत ४’.

आई फरशीवर आडवी झाली. पदर नीट केला. डोक्याखाली पिशवी घेतली.

“मावशी, पिशवी काढा,” सेक्रेटरी म्हणाला. “मेलेल्याला उशी लागते का?”

हशा पिकला. आईनं पिशवी काढली. तीही हसली. ते हसू मला अजून विसरता येत नाही.

आणि मी? माझा बाप रिक्षा चालवायचा. सीटमागे कायम चळवळीच्या पत्रकांचा गठ्ठा. शाळेच्या पुस्तकाआधी मी पत्रकं वाचायला शिकले. समता, शांतता, माणुसकी, सगळं तोंडपाठ. तरी मीही पडले. फरशी तापली होती. पाठ भाजत होती आणि मी मेल्याचं सोंग नीट वठवत होते.

सभासद बेसमेंटमध्ये गेले. त्या बेसमेंटमध्ये मोबाईलला रेंज येत नाही, म्हणून अणुबॉम्बही येणार नाही, असा या शिकल्यासवरल्या लोकांचा समज असावा. शटर ओढलं की झालं. शहर जळून जाईल, मग हे वर येतील आणि विचारतील, आज बाई आली नाही का?

दहा मिनिटांत वर आले. कपाळाला धूळ नाही. पोह्यांच्या बशा फिरल्या. आम्हाला शेवटच्या शिट्टीपर्यंत हलायचं नव्हतं. सेक्रेटरीनं माईक घेतला.

“आपल्या देशाचे जुने अणुबॉम्ब आता बदलणार. नवे येणार, जास्त ताकदीचे. अपग्रेड! त्याच्या अभिनंदनाचा ठराव मांडतो.”

“आधी बी विंगची लिफ्ट अपग्रेड करा हो!” कुणीतरी ओरडलं. पुन्हा हशा.

“मजा पुरे. हात वर करा.”

बशा डाव्या हातात गेल्या. उजवे हात वर झाले. आमच्या अंगावरून झाला तो ठराव. अक्षरशः. आई माझ्या उजवीकडे, वॉचमन डावीकडे, आणि वरती हातांचं रान.

मी उठून बसले.

“पड गप,” आई ओठ न हलवता म्हणाली. “तीन घरं हायत माझी हितं.”

मी उभी राहिले.

“ए, तू मेलीयस ना गं?” सेक्रेटरी म्हणाला.

“माझा विरोध आहे. लिहून घ्या.”

“मेंबर आहेस का तू?”

“नाही. पण मरायला बोलावलंत तेव्हा मेंबरशिप विचारली नाहीत.”

मी गळ्यातला पुठ्ठा काढून त्याच्यापुढे धरला. “हा तुमच्या घरातल्या कुणाच्या गळ्यात घाला. बघू, बरा दिसतो का.”

त्यानं हात मागे घेतला. विंचू दाखवल्यासारखा. कुणी हसलं नाही. पोहे मात्र कुणी खाली ठेवले नाहीत. मी पुठ्ठा माईकच्या टेबलावर टाकला आणि गेटबाहेर जाऊन आईची वाट पाहत थांबले.

दुसऱ्या दिवशी दोन घरांतून फोन आले. “मावशी, उद्यापासून नको.” मला वाटलं, आई रडेल, शिव्या देईल. ती भाकरी थापत होती.

“उठलीस ते बरं केलंस,” ती म्हणाली. “पर मला का नाय उठवलंस? शिट्टी वाजस्तोवर मी पडूनच व्हते.”

बापाच्या एकाही पत्रकात हा प्रश्न नव्हता. मी ताठ उभी राहून बोलले, आणि माझी आई माझ्या पायाशी मेलेली पडली होती. तिच्या वतीनं बोलले, तिला हात दिला नाही.

ही चूक पुन्हा नाही. आता मी आणि आई मिळून सोसायट्यांच्या मागच्या गेटवर जातो, जिथून कामवाल्या ये-जा करतात. बोलते आई. मी पत्रकं वाटते. नवे बॉम्ब नकोत, जुनेही नकोत. आमच्या मरणाच्या भरवशावर कुणी शूर व्हायचं नाही. त्या तीनपैकी उरलेलं एक घर आईनं स्वतःच सोडलं.

पण सर्वसाधारण सभेत आम्हाला खुर्ची नाही. तुम्हाला आहे. तुमच्या सोसायटीत असा ठराव आला, तर मोबाईलमध्ये डोकं घालून बसू नका. उभे राहा. म्हणा, माझा विरोध आहे, इतिवृत्तात माझ्या नावानिशी लिहा. आणि सेक्रेटरीनं ते लिहिलेलं डोळ्यांनी वाचल्याशिवाय खाली बसू नका.