ज्याची होडी त्याचा हात

मी मार खाऊन वैमानिक झालो, हे आधीच सांगून टाकतो. यावरून कुणी ‘बघा, मारानं माणूस घडतो’ असं म्हणणार असेल, तर त्याच्या कानाखाली एक द्यायची ताकद माझ्यात अजून आहे. मार वाईटच. पण आमच्या पाड्यात तो घराघरात होता, आणि तो वगळून ही हकिगत सांगायला गेलो तर हातात काहीच उरत नाही.

नागावच्या पलीकडं, माडांच्या वाड्या संपतात तिथं, खाडीच्या तोंडाशी आमचा कोळ्यांचा पाडा. बाप तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. कधी निघायचं, जाळं कुठं टाकायचं, कुणी कुठं बसायचं, सगळं तोच ठरवणार. भर समुद्रात वाऱ्यापुढं शब्द पोचत नाही, म्हणून बा शब्द वाया घालवत नसे. त्याच्या हातात दोराचा एक पिळदार तुकडा असायचा. ओला दोर पाठीवर बसला की खलाशाला आपलं काय चुकलं ते कळायचं. पोटचा पोर म्हणून मला सूट नव्हती, उलट चार जास्तच होते. किनाऱ्याला लागल्यावर सगळे एकाच टोपातलं जेवायचे आणि झालं गेलं विसरायचे. मी विसरायचो नाही. मी मनात धरून ठेवायचो.

या मारालाही कायदा मात्र होता. ‘ज्याची होडी त्याचा हात’ असं आमच्याकडं म्हणत. ज्याच्या होडीवर खलाशी जेवतो त्यानंच त्याला मारावं, दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाही. खलाशाला होडी बदलायची असेल तर त्याच्या घरचा कर्ता माणूस नव्या तांडेलाच्या पायाशी नारळ ठेवायचा. त्या घटकेपासून जुन्या तांडेलाचा हात सुटला, मग तो सख्खा बाप का असेना.

मी शाळेत असताना पाड्यातल्याच एका तांडेलानं आमच्या खलाशाच्या थोबाडीत मारली. जाळी एकमेकांत गुंतली होती आणि चूक आमच्या माणसाचीच होती. तरी संध्याकाळी दोन्हीकडची माणसं वल्ही घेऊन पुळणीवर उतरली. एकाचा कान लोंबायला लागला. बानं त्या तांडेलाच्या नडगीवर वल्हं घातलं तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो माणूस पुढं जन्मभर लंगडला. दुसऱ्या दिवशी पंच बसले, पण जाळ्याची कुणी चौकशीसुद्धा केली नाही. दुसऱ्याच्या खलाशावर हात टाकला ना, मग मिळालं ते बरोबर, म्हणाले आणि उठले.

मला बानं लहानपणीच सुकाणूवर बसवलं होतं. सुकाणूचा दांडा डावीकडं ढकलला की होडी उजवीकडं वळते, उजवीकडं ढकलला की डावीकडं. हे डोक्यानं शिकायचं नसतं, मनगटानं शिकायचं असतं. माझ्या मनगटात ते दोरानं घातलं होतं.

लढाईच्या दिवसांत किनाऱ्यालगत विमानं फार खालून जायची. एकदा एकातला माणूस मला दिसला. त्याचं डोकं, त्याचा चष्मा. बस्स, तेवढ्यानं माझं डोकं फिरलं. स्वातंत्र्यानंतर सरकारला वैमानिक हवे होते, शिष्यवृत्त्या निघाल्या. अलिबागेत मॅट्रिक झालेला, गणितात बरा असलेला कोळ्याचा पोर म्हणून एक माझ्या पदरात पडली. घरी सांगितलं तर बानं दोर काढला. आय मधे पडली, तिच्या दंडावरही वळ उठला. सुजलेल्या ओठानं मी रेवसला जाऊन लाँच पकडली. लाँचवर मी ढसाढसा रडलो आणि बापाला येतील तेवढ्या शिव्या घातल्या.

मुंबईत समुद्राकाठच्या एका फ्लाइंग क्लबात माझं शिक्षण सुरू झालं. बाकीची मुलं मोटारीतून येणारी. इन्स्ट्रक्टर पुण्याकडचा, लढाईत विमान चालवून आलेला आणि बापाच्या वरताण तापट. आमचं विमान लाकडाचं आणि कापडाचं, उघडं, एकामागं एक दोन जागांचं. तो पुढं, मी मागं. दोघांच्याही पायांमधे एकेक दांडा, ज्या बाजूला न्यावा त्या बाजूला विमान कलवणारा, आणि दोन्ही दांडे आतून जोडलेले. माझं काही चुकलं की तो आपला दांडा फाडफाड दोन्हीकडं हाणायचा आणि मागं माझ्या मांड्या सोलून निघायच्या. खाली उतरल्यावर छडी वेगळी. मला नवल वाटलं नाही. इथला तांडेल हा, एवढंच मी समजलो.

पहिलं लायसन, त्याला आम्ही ‘ए’ म्हणायचो, ते मिळालं. पण ‘ए’वर हौसेनं उडता येतं, नोकरी करता येत नाही. नोकरीला ‘बी’ लायसन लागतं आणि त्याची परीक्षा कसून घेतात. मला ‘बी’ हवं होतं. ते नाही मिळालं तर परत जाऊन दोराखाली बसायचं, याशिवाय मला दुसरं काही दिसत नव्हतं. मधल्या पावसाळ्यात घरी गेलो तर बाचा एक खलाशी हात मोडून पडलेला. आय म्हणाली, ‘ऱ्हा रं थोडा.’ राहिलो. नारळी पौर्णिमेपासून शिमग्यापर्यंत पुन्हा सुकाणूवर बसलो. दोरही खाल्ला, चांगला दाढीमिशा आलेला गडी असून.

शिमगा करून क्लबात परतलो आणि परीक्षेच्या तयारीला लागलो. एका सकाळी समुद्राकडून आडवा वारा होता. उतरताना चाकं जमिनीला लागणार तोच झोत आला, उजवा पंख उचलला गेला, विमान डावीकडं कललं. अशा वेळी दांडा उजवीकडं न्यायचा असतो. शेंबडं पोरही नेईल. मला उजवीकडं जायचं होतं, म्हणून माझ्या मनगटानं दांडा डावीकडं ढकलला. डाव्या पंखानं जमीन फाडली, विमान गरकन फिरलं, नाकावर आलं आणि पुढच्या पंख्याच्या चिरफळ्या उडाल्या. पुढच्या जागेवर इन्स्ट्रक्टरचं कपाळ फुटलं होतं.

त्यानं आधी मला पट्ट्यांतून सोडवलं, आग लागते का ते पाहिलं. मग कॉलरला धरून शेडपर्यंत ओढत नेलं आणि छडी घेतली. ‘उजवीकडं जायचं तर डावीकडं का ढकललंस?’ प्रत्येक शब्दाला एक. त्याच्या कपाळाचं रक्त माझ्या शर्टावर पडत होतं. का ते मलाच ठाऊक नव्हतं.

आणि नेमका त्याच दिवशी बा आला. सुक्या मासळीची होडी घेऊन मुंबईला आला होता, जाताना मला घेऊन जावं म्हणून फाटकातून आत शिरला. त्यानं काय पाहिलं? आपल्या होडीवरचा खलाशी, आणि त्याला झोडपणारा परका माणूस. त्यानं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं, नीट ठेवलं, आणि भिंतीला टेकवलेला बांबू उचलला. पहिला फटका इन्स्ट्रक्टरच्या खांद्यावर, दुसरा तोंडावर. दोन मेकॅनिक धावले. त्यातल्या एकाच्या पोटात गुडघा बसला, तो तिथंच ओकला. शेवटी चौघांनी मिळून बाला जमिनीवर दाबला आणि वर लाथा घातल्या. त्याच्या तोंडात माती गेली होती, तरी तो गुरगुरत होता, ‘माज्या खलाशावं हात टाकतंस? माज्या?’

क्लबाचा सेक्रेटरी पळत आला. पोलिसांना बोलवा, म्हणाला. या पोराचं नाव आत्ताच्या आत्ता काढा, गुंडांची अवलाद, म्हणाला. इन्स्ट्रक्टर नाकाला रुमाल लावून उभा होता. रुमाल लाल झाला की उलटा करायचा. सगळं संपलं, मला वाटलं. त्या क्षणी मला बापाचा इतका राग आला की तो बांबू घेऊन आपणच त्याला हाणावं.

बा उठून बसला. ओठ फाटला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि इन्स्ट्रक्टरकडं बोट करून विचारलं, ‘ह्यो तुजा तांडेल हाय?’

काय विचारतोय ते तिथं फक्त मला कळलं. नाही म्हणालो असतो तर बापाचं बरोबर होतं; पोलीस येवोत की फाशी होवो, तो ताठ मानेनं मला घेऊन गेला असता. हो म्हणालो तर त्यानं पाड्यातला सगळ्यात मोठा गुन्हा केला होता. दुसऱ्याच्या होडीवरच्या माणसासाठी दुसऱ्याच्या तांडेलाला मारलं होतं.

‘व्हय,’ मी म्हणालो.

त्यानं तोंडातली माती थुंकली. मग उठला आणि लंगडत फाटकाबाहेर गेला. पळाला, असं सगळ्यांना वाटलं. फाटकासमोर शहाळ्या-नारळाची गाडी असायची. बा नारळ घेऊन परत आला, इन्स्ट्रक्टरच्या पायाशी ठेवला आणि वाकला. आमच्या बाला कुणापुढं वाकताना मी पहिल्यांदा पाहत होतो. ‘सायब, चूक झाली. तुमचा खलाशी हाय, मना ठावं नव्हता. आता हाना त्याला. माजा हात सुटला.’

गाठोडं उचलून तो निघाला. माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही. इन्स्ट्रक्टरनं मला विचारलं, हे काय चाललंय? मी नारळाचं सांगितलं. सांगता सांगता सुकाणूचंही सांगितलं, कारण माझा हात उलटा का गेला ते तेव्हाच माझ्या डोक्यात उजाडलं होतं. तो ऐकत राहिला. नारळ उचलून त्यानं काखेत मारला आणि सेक्रेटरीला म्हणाला, ‘पोलीस नकोत. माझं नाक पंख्याच्या तुकड्यानं फुटलं. आणि तू, उद्या पहाटे ये. तुझं मनगट मी उलटं करतो.’

त्यानं ते केलं. कसं, ते विचारू नका. वर गेलं की तो मुद्दाम विमान कलवायचा, माझा हात जुन्या वाटेनं गेला की दांडा मांडीवर आदळायचा. कित्येक दिवस मला उकिडवं बसता येत नव्हतं. पण आडव्या वाऱ्यात मी ‘बी’ची परीक्षा दिली आणि पास झालो. परीक्षकानं हात मिळवला तेव्हा इन्स्ट्रक्टर दूर उभा राहून विडी ओढत होता. त्यानं नुसती मान हलवली.

पुढं मालवाहू विमानावर नोकरी लागली. नारळी पौर्णिमेला रजा काढून गणवेशातच घरी गेलो. मोठेपणा मिरवायला गेलो होतो, खोटं कशाला बोलू. बानं खाट टाकायला लावली. मला खाटेवर बसवलं आणि आपण जमिनीवर बसला. आयला म्हणाला, ‘त्याला मोठा सरंगा वाढ.’ कसा आहेस, विमान कसं आहे, जेवण बरं मिळतं का. एखाद्या मामलेदाराशी बोलावं तसा बोलत होता. मी ताटातला मासा तसाच ठेवून उठलो.

दुपारी सजवलेल्या होड्या खाडीतून निघाल्या. बा पुढं नाळेवर, धाकटा भाऊ सुकाणूवर. त्याचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. मी चढलो तर बा म्हणाला, ‘पावन्याला सावलीत बसवा.’ पाव्हणा. माझं टाळकं सरकलं. मी सरळ मागं गेलो आणि भावाच्या हातातून दांडा काढून घेतला. ‘सोड, मी बसतो.’ तो बिचारा थोरला म्हणून बाजूला झाला.

खाडीच्या तोंडाशी समोरून एक होडी आली. उजवीकडं घ्यायचं होतं. मी दांडा उजवीकडं ढकलला. आमची होडी डावीकडं वळली आणि त्या होडीच्या कुशीत घुसली. फळ्या कडकडल्या, त्यांचा एक माणूस पाण्यात पडला, हारतुरे तुटले, आणि चूक माझी आहे हे होडीवरच्या प्रत्येकाला दिसलं.

बा मागं आला. दोर त्याच्या हातात होता. मी पाठ वळवून उभा राहिलो. होय, वळवली. मला तो मार हवा होता. आयुष्यात पहिल्यांदा हवा होता.

दोर माझ्या अंगावरून गेला आणि भावाच्या तोंडावर बसला. मग पाठीवर, मग मानेवर. ‘पावन्याच्या हातात दांडा देतंस? पावन्याच्या?’ भाऊ हात वर न करता उभा होता. मी मधे घुसलो, बाचं मनगट धरलं, ओरडलो की माझी चूक आहे, मला मार. बानं मनगट सोडवून घेतलं, माझ्याकडं न बघता मला हलकेच बाजूला केलं आणि राहिलेले फटके मोजून भावाला घातले.

भावानं समुद्राच्या पाण्यानं तोंड धुतलं. ओठ पुसत माझ्याजवळ आला, सुकाणूवर बसला आणि दांडा हातात घेतला.

‘दादा, तू सावलीत बस,’ तो म्हणाला. ‘कपडे खराब व्हतील.’