चॅलेंज कर गा

रविवारी दुपारी रामदासपेठेतले ते दोन जिने चढणं आता माझ्या गुडघ्यांना झेपत नाही. तरी जातो. वर माझा जुना मित्र इंग्रजी अक्षरांचे ठोकळे मांडून बसलेला असतो, आणि मी गेलो नाही तर संध्याकाळपर्यंत तसाच बसून राहतो, असं वहिनींनी मला बजावून ठेवलंय.

आम्ही दोघं शहराबाहेर, वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात नोकरीला होतो. ट्रक येईपर्यंत करायचं काय, म्हणून शब्द जुळवायच्या या खेळाचा नाद लागला. शब्द जितका लांब तितके गुण जास्त. शेवटी टी-आय-ओ-एन येणारे शब्द म्हणजे त्याची खास मिरासदारी. स्टेशन, रिलेशन हा त्याच्या लेखी किरकोळ माल. ती चार अक्षरं तो हाताशी दाबून बसायचा, मी फुटकळ शब्द लावत पुढे जायचो, आणि मग एकदम अख्खा पट अडवणारा शब्द पसरून तो मला आडवा करायचा. अर्थ विचारला तर म्हणायचा, अर्थाचे गुण नसतात. शंका आली तर चॅलेंज म्हणायचं आणि डिक्शनरी उघडायची. शब्द सापडला नाही तर लावणाऱ्याने ठोकळे उचलायचे, सापडला तर चॅलेंज करणाऱ्याची चाल बुडाली. माझ्या कितीतरी चाली अशा बुडाल्या आहेत.

मागच्या वर्षापासून तो विसरायला लागला. सीताबर्डीला म्हणून मेट्रोत बसला आणि भलत्याच स्टेशनवर उतरून बाकावर बसून राहिला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, औषध दिलं, आणि औषधाने बरं होणार नाही हेही सांगून टाकलं. मग पटावर कुठेच नसलेले शब्द येऊ लागले. शेवटची चार अक्षरं जागच्या जागी, त्याआधीचं सगळं मनाचं. मी चॅलेंज करणं सोडून दिलं. गुण लिहायचे, चहा प्यायचा, घरी यायचं. खोटं खेळण्याचा एवढा शीण येतो हे मला माहीत नव्हतं. परतताना जिन्यातच बसून घ्यावंसं वाटायचं.

या उन्हाळ्यात एका रविवारी, कूलरच्या घरघरीत, त्याने 'लोडेशन' लावला. आम्ही जन्मभर ट्रकमध्ये माल चढवून घेतला. त्याला लोडिंग म्हणतात, हे आम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मी मुकाट्याने गुण लिहायला पेन उचललं. तो माझ्याकडेच बघत होता.

"असा शब्द नाही, हे मले माहीत आहे," तो म्हणाला. "मुद्दाम लावला. तू काहून चूप राहिला गा?"

मी पेन खाली ठेवलं.

"तू माझ्यासंग खेळून राहिला का मले सांभाळून राहिला? सांभाळायले घरात माणसं आहेत. खेळायले तूच एक आहे."

"थकलो गा," मी म्हटलं. ते अगदी खरं होतं.

"मीबी थकलो. पण चॅलेंज कर."

मी कबूल केलं.

पुढच्या रविवारी त्याने बराच वेळ घेऊन एक लांबलचक शब्द लावला. मी चॅलेंज म्हटलं. डिक्शनरी त्याच्यासमोर उघडली, पानावर बोट फिरवलं, शब्द नव्हता. "पकडलं तू," म्हणत तो हसला, गोदामात हसायचा तसा, आणि एकेक ठोकळा उचलून घेतला. त्याला हरलेलं पाहून मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

मी माझा छोटासा शब्द लावला. त्याची चाल आली. तो ठोकळ्यांकडे बघत राहिला, ओठांनी अक्षरं पुटपुटली, आणि मग तोच शब्द, त्याच जागी, सावकाश लावून समाधानाने मागे टेकला.

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, जाऊ द्या म्हणून.

मी चॅलेंज म्हटलं, आणि तेच पान पुन्हा उघडलं.