बोंबीलवाल्या बाईचं घर

आमच्या घणसोलीच्या सोसायटीत एका महिन्यात दोन घरफोड्या झाल्या आणि सुरक्षा समितीचा कारभार मी हौसेने अंगावर घेतला. शाळेतून निवृत्त झालेली बाई मी, दुसऱ्यांना शिस्त लावायची खोड जात नाही. गेटवर वही आली, जिन्यात कॅमेरे आले, आजूबाजूच्या सोसायट्यांचा मिळून व्हॉट्सॲप ग्रुप झाला. 'संशय आला की फोटो टाका' हा नियम माझाच. लिफ्टमध्ये लोक माझं कौतुक करायचे आणि मी फुगायचे.

त्याच सुमारास मार्गशीर्ष लागणार होता. गावठाणाच्या नाक्यावर एक कोळीण बसते, तिच्याकडून मी वर्षानुवर्षं बोंबील घेते. आता महिनाभर मासे बंद म्हटल्यावर तिचं तोंड उतरलं. तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "शेवटच्या गुरुवारी ये गं माझ्याकडे, हळदीकुंकवाला." बोटाने बिल्डिंग दाखवली. मजला सांगितला नाही, नाव सांगितलं नाही. ती येईल असं मला वाटलंच नव्हतं. बोलायचं म्हणून बोलले होते, आणि घरी पोचेपर्यंत विसरलेही.

त्या गुरुवारी संध्याकाळी घर बायकांनी भरलं होतं. एकीला कुंकू लावते तोच मोबाइल वाजला. वॉचमनने कॅमेऱ्यातला फोटो पाठवला होता. डोक्यावर पदर घेतलेली एक बाई, हातात पिशवी, दारांकडे निरखून बघणारी. चेहरा अर्धाच दिसत होता. वॉचमनने लिहिलं होतं की बायकांच्या घोळक्यातून ती आत शिरली आणि प्रत्येक मजल्यावर थांबतेय. मी फोटो लगेच ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'दारं हेरणारी बाई. सावध राहा.' वॉचमनला कळवलं, खाली बसवून ठेव. आणि पुढच्या बाईला हळद लावली.

बायका गेल्यावर खाली उतरले. वॉचमनच्या केबिनपाशी दहा-बारा माणसं जमली होती. "किसी बोंबीलवाली बाई का घर पूछती है," वॉचमन हसत म्हणाला. "नाम मालूम नहीं, नंबर मालूम नहीं." कुणीतरी तिची पिशवी टेबलावर उपडी केली होती. त्यात एक नारळ, एक खण आणि शेवंतीची वेणी होती.

तेव्हा मी तिला ओळखलं. इतकी वर्षं मी तिची पाटी बघत होते, तिच्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. ठेवणीतली हिरवी साडी नेसून ती स्टुलावर बसली होती. तिनेही मला ओळखलं.

"मॅडम, ओळखता का हिला?" सेक्रेटरींनी विचारलं.

'हिला मी बोलावलंय', एवढंच सांगायचं होतं. पण मग फोटोचं काय, माझ्या त्या ओळीचं काय, हे सगळं डोक्यात फिरलं.

"नाक्यावर मासे विकते," मी म्हणाले. "गरीब आहे बिचारी. जाऊ द्या."

मॅडमचं मन मोठं, असं कुणीतरी म्हणालं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तिने नारळ, खण, वेणी परत पिशवीत भरली. "चुकलं माजं," ती सगळ्यांना म्हणाली. "मना वाटलं हीच बिल्डिंग हाय." जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझी लाज तिने झाकली होती. माझ्या बोटांना हळदकुंकू तसंच होतं. ते मी पदराला पुसलं.

ग्रुपवर 'गैरसमज झाला, ओळखीची आहे' एवढं लिहून मी मोकळी झाले. कुणाच्या ओळखीची, कुणी बोलावलेली, ते लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी केबिनच्या काचेवर तिचा फोटो चिकटवलेला दिसला, खाली 'प्रवेश नाही'. येता-जाता मी मान खाली घालायचे. महिना संपल्यावर नाक्यावर गेले. तिने बोंबील साफ करून दिले. पूर्वी वर दोन जास्तीचे टाकायची, ते टाकले नाहीत.

तिथून परत येताना मी काचेवरचा कागद फाडला.

"क्यूँ निकाला, मॅडम?" वॉचमनने विचारलं.

"पुराना हो गया," मी म्हणाले.