आक्कांचा दुसरा आवाज

लग्न होऊन या घरात आले, त्याच्या कितीतरी आधीपासून मी माझ्या सासूबाईंना ओळखत होते. पाहिलं नव्हतं कधी, ऐकलं होतं. अख्ख्या शहरानं त्यांना ऐकलं होतं.

तरुणपणी त्या बसस्थानकावर घोषणा द्यायच्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कुणाची छत्री चौकशीच्या खिडकीपाशी सापडली आहे. काचेच्या खोलीत बसलेली बाई कुणाला दिसायची नाही, पण गाडी चुकलेल्या माणसालासुद्धा त्या आवाजानं जरा धीर यायचा. सासरे लवकर गेले. मुलगा लहान होता. त्याच सुमारास स्थानकातल्या एका टपरीचा मालक म्हातारपणामुळे गावी निघाला, आणि सासूबाईंनी नोकरी सोडून ती टपरी घेतली. लोकांनी वेड्यात काढलं. पण त्यांनी टपरीवर एक कर्णा टांगला आणि ओळखीच्या आवाजात सांगायला सुरुवात केली, "गाडीला वेळ आहे. साबण विसरलात ना? मला ठाऊक होतं."

लोक हसत हसत यायचे. खरोखरच साबण विसरलेला असायचा.

टपरीचं दुकान झालं, एका दुकानाची दोन झाली, मग शहराच्या जवळपास प्रत्येक भागात एक झालं. नाव ठेवलं 'कोपऱ्यावर'. दूध, ब्रेड, बल्ब, बॅटरी, डोकेदुखीची गोळी, म्हणजे माणसाला अचानक लागतं ते सगळं, सकाळी लवकर आणि रात्री उशिरापर्यंत. एक दुकान गल्लीच्या अगदी मध्यात होतं. कुणी हटकलं तर आक्का म्हणायच्या, "कोपरा पुढे सरकला, त्याला मी काय करू?" हो, सगळं शहर त्यांना आक्काच म्हणायचं. मीही तेच म्हणायला लागले.

प्रत्येक दुकानाच्या दारावर त्यांचा आवाज बसवलेला होता. "आलात? या. दार ढकला, ओढू नका." आणि रेडिओवर त्यांची ती जाहिरात, जी पोरंटोरं खेळताना म्हणायची: "दूध संपलं? लाजू नका. सगळ्यांचंच संपतं." मी जाहिरातींचं शिक्षण घेतलेली, तरी लग्नानंतर प्रसिद्धीचं काम माझ्याकडे आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझ्यासाठी फारसं कामच उरलेलं नाही. फलक रंगवून घ्यायचे, पत्रकं छापायची. बाकी सगळं तो आवाज करत होता.

मग तो आवाज बसला.

आधी सर्दी वाटली, मग घोषणा देऊन देऊन झिजलेला घसा वाटला. डॉक्टरांनी तपासलं आणि आम्हाला आत बोलावून दार लावून घेतलं. गाठ स्वरयंत्रातच होती. जीव वाचेल, ते म्हणाले, पण स्वरयंत्र काढावं लागेल. नवऱ्यानं माझा हात घट्ट धरला. आक्का मात्र घोगऱ्या आवाजात डॉक्टरांना विचारत होत्या, "श्वास कुठून घ्यायचा मग?"

डॉक्टरांनी गळ्याच्या खालच्या बाजूला बोट ठेवून दाखवलं. आक्कांनी मान डोलावली, जणू कुणी दुकानाच्या मागच्या दाराची जागा दाखवत होतं.

शस्त्रक्रियेनंतरचे महिने मला आठवायलाही नको वाटतात. बडबडी बाई गप्प झाली की घर किती मोठं वाटायला लागतं! आम्ही त्यांना पाटी आणून दिली होती. त्यांनी दोन दिवस त्यावर लिहिलं आणि मग ती पलंगाखाली सरकवून दिली. दुकानांत जाणं थांबवलं. दारावरचा आवाज अजून सगळीकडे बोलावत होता, "आलात? या," आणि ज्यांचा तो आवाज होता त्या घरी खिडकीशी बसून होत्या.

बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांनी एक यंत्र आणलं, छोट्या टॉर्चएवढं. ते हनुवटीखाली दाबून धरायचं, ओठांनी शब्द करायचे, आणि यंत्रातून गुणगुणल्यासारखा आवाज निघायचा. एकसुरी, पत्र्याचा. आक्का आमच्यासमोर सराव करायच्या नाहीत. खोलीचं दार बंद असायचं. बाहेर फक्त भुंगा अडकल्यासारखं काहीतरी ऐकू यायचं.

एके दिवशी जेवताना त्यांनी शांतपणे पदराखालून ते यंत्र काढलं, गळ्याला लावलं आणि म्हणाल्या,

"भाजीत. मीठ. नाही."

भाजी त्यांच्या मुलानं केली होती. तो घास हातात घेऊन बसूनच राहिला. मग त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता तो हुंदके द्यायला लागला. आक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. परत यंत्र लावलं: "रडून. खारट. होणार. नाही."

नवीन दुकान उघडायची तयारी तेव्हा अर्धवट पडून होती. टेकडीच्या पायथ्याशी, मोठ्या इस्पितळासमोर. जागा आक्कांनीच हेरून ठेवली होती. आता उद्घाटनाची जाहिरात कशी करायची? माझ्या नवऱ्यानं ध्वनिमुद्रण करणाऱ्या एका तंत्रज्ञाला गाठलं. त्यानं आक्कांच्या जुन्या फिती ऐकल्या, शब्द शब्द वेगळा केला, आणि त्यातून नव्या दुकानाची नवीकोरी जाहिरात जोडली. सांधा कुठेच कळत नव्हता. तीच ऊब, शेवटच्या शब्दावर तोच हसरा हेलकावा. 

त्यानं ती आक्कांना ऐकवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली. परत लावायला सांगितली. मग यंत्र गळ्याला लावलं.

"छान आहे. ही बाई कोण?"

"आई, तूच," नवरा म्हणाला.

"ही बाई आता दुकानात येत नाही. मी येणार." त्यांनी माइककडे बोट दाखवलं. "रेकॉर्डिंग सुरू करा. मी बोलते."

"आई, ऐक माझं. लोक घाबरतील. लहान मुलं रडतील."

"रडू देत. समजूत घालायला आया चॉकलेट आणतील. कुठून आणतील?"

तंत्रज्ञ हसला आणि त्यानं माइक पुढे केला. आक्का ताठ बसल्या. बसस्थानकातल्या त्या काचेच्या खोलीत अशाच बसत असतील. त्यांनी एका दमात सांगितलं, आणि तेच पुढे रेडिओवर गेलं:

"मी आक्का. आवाज नवा आहे, बाई जुनीच आहे. इस्पितळासमोर नवीन दुकान काढलंय. दूध संपलं? लाजू नका. सगळ्यांचंच काही ना काही संपतं."

जाहिरात लागली आणि फोन वाजायला लागले. कुणी चौकशी करत होतं, कुणी नाराज होतं. एका गृहस्थांनी सकाळी सकाळी असलं ऐकवू नका म्हणून सुनावलं. शाळेतली मुलं गळ्याला पेन्सिली लावून बोलायला लागली. नवरा दोन दिवस माझ्याशीही नीट बोलला नाही. आक्कांना मी फोनांबद्दल सांगितलं तर म्हणाल्या, "लक्षात राहिली ना?" जाहिरातीच्या पुस्तकांत याहून वेगळं काही लिहिलेलं नसतं.

उद्घाटनाच्या सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. इस्पितळातल्या परिचारिका, रुग्णांचे नातेवाईक, टेकडीवरच्या वस्तीतली माणसं, आणि नुसतेच बघे. आक्का स्वतः गल्ल्यावर उभ्या होत्या. लोक त्यांच्याशी मोठमोठ्यानं बोलत होते, त्यांना ऐकूही येत नसावं अशा थाटात. त्या हसून चालवून घेत होत्या.

काचेबाहेर एक उंच म्हातारा बराच वेळ उभा होता. उकडत असूनही गळ्याला मफलर गुंडाळलेला. त्याच्या मागे त्याची लेक. ती त्याला पुढे ढकलत नव्हती, मागेही ओढत नव्हती. अखेर तो आत आला, रांगेत उभा राहिला, आणि त्याची पाळी आली तेव्हा त्यानं खिशातून तसंच एक यंत्र काढलं.

"ब्रेड," तो म्हणाला.

दुकानातल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. 

आक्कांनी आपलं यंत्र उचललं. "कुठला? पांढरा की गव्हाचा?"

"गव्हाचा. कालचा. नको."

"माझ्या दुकानात कालचा नसतो."

"सगळे. असंच. म्हणतात."

"दाबून बघा ना. हात आहे की तोही काढला?"

म्हाताऱ्याचे खांदे हलायला लागले. हसण्याचा आवाज काही निघत नव्हता, पण तो हसत होता. त्यानं ब्रेड दाबून पाहिला. मग अंड्यांबद्दल विचारलं. मग लोण्याबद्दल. दोन भुंगे लोण्याच्या ताजेपणावर वाद घालत होते आणि आम्ही सगळे खिळून उभे होतो. एवढ्यात रांगेत मागून एक बाई वैतागून ओरडली,

"अहो आजोबा, जरा आटपा की! आम्हाला कामं नाहीत का?"

मी दचकले. त्या बाईला दटावावं म्हणून वळणार, तोच आक्कांचा चेहरा दिसला. असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधीच पाहिला नव्हता. आणि म्हातारा त्या बाईकडे वळून, यंत्र गळ्याला लावून, अगदी कुठल्याही म्हाताऱ्यासारखा कुरकुरला, "थांबा. हो. जरा."

मी बाहेर आले तेव्हा त्याच्या लेकीनं मला सांगितलं, की शस्त्रक्रियेनंतर बाबा घराबाहेर एक शब्द बोलले नव्हते. बोट दाखवायचे किंवा तिला पुढे करायचे. आज सकाळी रेडिओ ऐकला आणि स्वतःच बूट घालायला बसले. ती हे सांगत होती आणि माझं लक्ष काचेतून आत होतं. रांग पुढे सरकली होती. कुणीही त्या दोघांकडे बघत नव्हतं. इतकी वर्षं प्रसिद्धीचं काम करून मी लोकांना बघायला लावत आले. लोकांनी बघायचं थांबवणं हे एवढं मोठं असू शकतं, हे मला त्या दिवशी दिसलं.

त्यानंतर असं यंत्र लावून बोलणारी माणसं येतच राहिली, काही तर लांबच्या गावांहून. गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला आक्का आता एकच गोष्ट आधी शिकवतात: समोरच्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. थांबायचं. नवऱ्यानंही हळूहळू कुरकुर सोडली. हल्ली नवीन जाहिरातीचा मजकूर तोच लिहितो आणि आईकडून शिव्या खातो.

इस्पितळाचे डॉक्टर कधीकधी आक्कांना वर वॉर्डात बोलावतात, ज्यांची शस्त्रक्रिया व्हायची आहे त्यांच्याशी बोलायला. मी सोबत जाते. परवा एका धास्तावलेल्या माणसाच्या पलंगाशी त्या खूप वेळ बसल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, दाराशीच थांबले होते. त्याच्या बायकोनं मला हळूच विचारलं, "या डॉक्टर आहेत का?"

"नाही," मी म्हटलं, "दुकानदार आहेत."

आक्का उठल्या, त्या माणसाच्या पांघरुणाची कड सारखी केली, आणि निघता निघता यंत्र गळ्याला लावून त्याच्या बायकोला म्हणाल्या, "काही लागलं तर समोरच आहे दुकान. दार ढकलायचं."